कॅट्राइक व्हिलेजर : स्वतः पाना हातात घेणाऱ्यासाठी

कॅट्राइक कंपनीची व्हिलेजर ही तीनचाकी सध्या मी वापरतो. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि आपण जाळीच्या सीटला टेकून, पाय पुढे लांब करून पेडल मारायचे. रिकम्बंट ट्राइक म्हणतात ती हीच. बसायला ती किती आरामाची, पाठ कशी दुखत नाही, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते वेगळ्या अंगाने: ही गाडी घरच्या घरी, आपल्या हाताने सांभाळता येते का? येते. अगदी खात्रीने येते. माझी नोकरी भोसरीत टूलरूममध्ये झाली. कुठलंही यंत्र समोर आलं की ते उघडतं कुठून हे मी आधी बघतो. त्या नजरेने ही गाडी मला पसंत पडली.

कानाच्या आतल्या दुखण्यामुळे माझा तोल भरवशाचा राहिला नाही, तेव्हा डॉक्टरांनी दुचाकी सायकल बंद करायला सांगितली. मुलगा ऑरलँडोजवळ राहतो, आमचा मुक्काम आता त्याच्याकडेच असतो. फ्लोरिडात माझ्या वयाची कितीतरी माणसं अशा ट्राइकवर फिरताना दिसतात, कारण प्रदेश सपाट आणि जुन्या रेल्वेमार्गांवर केलेल्या डांबरी वाटा लांबच लांब. वेस्ट ऑरेंज ट्रेल २२ मैलांचा आहे आणि विंटर गार्डन गावाच्या भर पेठेतून जातो. विथलाकूची ट्रेल तर ४६ मैलांचा. गाडी मी जुनी घेतली, २७ गिअरची. आधीच्या मालकाने ती बरीच वर्षं गॅरेजमध्ये नुसती उभी ठेवली होती. चेन गंजलेली, टायर बाजूने तडकलेले, ब्रेक घासत होते. मात्र फ्रेम सरळ होती आणि एकाही बोल्टचे आटे गेलेले नव्हते. जुनी ट्राइक घेताना एवढ्या दोनच गोष्टी नीट बघाव्यात. बाकी सगळं बदलता येतं.

सुरुवातीला मी जवळच्या दोन सायकलच्या दुकानांत गेलो होतो. पहिल्याने ‘आम्ही ट्राइक घेत नाही’ म्हणून सांगितलं. दुसऱ्याने घेतली, ट्यूनिंगचे पैसे लावले आणि चेन आयडलरच्या, म्हणजे सीटखालच्या कप्पीच्या, चुकीच्या बाजूने ओवून परत दिली. पेडल मारलं की सीटखालून करकर आवाज. तेव्हापासून गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. पण दुकानदारांना तरी दोष किती द्यायचा, महिन्यात एखादी ट्राइक त्यांच्याकडे येत असेल. लक्षात घ्यायचं ते हे की, हिच्यातले तीन चतुर्थांश भाग साध्या सायकलचेच आहेत. आपल्याकडे लहानपणी ज्याने स्वतः पंक्चर काढलंय, बेअरिंगमधले छर्रे ग्रीस लावून परत बसवलेत, त्याला त्यात नवीन काही नाही. उरलेला एक चतुर्थांश मात्र समजून घ्यावा लागतो. चेन, पुढच्या चाकांची अलाइनमेंट आणि ब्रेकचा समतोल, या त्या तीन गोष्टी.

पंक्चरपासून सुरू करतो, कारण या गाडीतली सगळ्यात सुखाची गोष्ट तीच आहे. पुढची दोन्ही चाकं एकाच बाजूने धरलेली असतात. दुचाकीच्या फोर्कसारखा दोन्ही बाजूंनी आधार नाही. चाकाची आतली बाजू आसावर, डिस्क ब्रेकही आतल्याच बाजूला, आणि बाहेरची बाजू पूर्ण मोकळी. त्यामुळे पुढचं पंक्चर काढायला चाक खोलायचीच गरज नाही. आडव्या पाइपाखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा, चाक जमिनीपासून सुटलं की टायरची बाहेरची कड लिव्हरने उचलायची आणि ट्यूब जागच्या जागी ओढून काढायची. ठिगळ लावून, थोडी हवा भरून, परत आत सारायची. ब्रेकला धक्का लागत नाही, आस सैल होत नाही. ट्रेलच्या कडेला गवतात बसून हे काम आरामात होतं. ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवायला विसरू नका. इथे वाळूत सँडस्पर नावाचं गवत असतं, आपल्या सराट्यासारखं काटेरी. त्याचा काटा टायरात तसाच राहिला तर पुढच्या वळणावर ट्यूब परत गेली म्हणून समजा.

मागचं चाक मात्र काढावंच लागतं. आधी गिअर सगळ्यात लहान दातेरी चक्रावर आणायचा, म्हणजे चेन सैल पडते. मग क्विक रिलीज, म्हणजे चाक धरून ठेवणारी आसाची खटक्याची कळ, उघडायचं, डिरेल्युर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) मागे ओढून धरायचा आणि चाक सोडवायचं. गाडीचा मागचा भाग वर धरायला मी गॅरेजच्या छताला एक हूक मारलाय आणि त्याला दोरी बांधलीय. सीटच्या मागच्या पाइपाला दोरी अडकवली की मागचं चाक हवेत येतं. गिअर लावायलाही हीच सोय. ट्राइकसाठी खास स्टँड विकत मिळतात, पण मला त्यांची गरज पडली नाही.

टायर घेताना एक गोष्ट नक्की तपासा. २० इंची म्हणून दोन वेगवेगळ्या मापांचे टायर मिळतात. एकाचा रिमवर बसणारा व्यास ४०६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ४५१. ते एकमेकांच्या रिमवर कधीच बसणार नाहीत. माझ्या गाडीची तिन्ही चाकं ४०६ ची आहेत, लहान मुलांच्या बीएमएक्स सायकलींना येतात तीच. टायरच्या बाजूवर ४७-४०६ असं छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा व्यासाचा. दुसरा जुळला पाहिजे. मी श्वाल्बेचे मॅरेथॉन प्लस घातलेत. त्यात ५ मिलिमीटरचा पंक्चररोधक रबरी थर असतो. वजन वाढतं, पण मला शर्यत लावायची नाही, आणि सँडस्परची धास्ती गेली. हवा किती भरायची तेही टायरच्या बाजूवरच लिहिलेलं असतं. पुढच्या दोन्ही चाकांत हवा सारखी हवी, नाहीतर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते.

आता चेन. मित्राला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाला, ‘अरे, ही चेन आहे की गाडी बांधायचा साखळदंड?’ पेडल पार पुढे, मागचं चाक पार मागे. साध्या सायकलच्या जवळपास तीन चेन एकमेकींना जोडल्या की ट्राइकची एक होते. मधे सीटखाली आयडलर नावाची कप्पी असते. तिच्यावरून ओढीची चेन दिशा बदलते. चेन पॅंटला लागू नये, फ्रेमवर आपटू नये म्हणून बराच भाग प्लास्टिकच्या नळ्यांतून जातो.

एवढी लांब चेन म्हणजे डोक्याला ताप, असं वाटेल. प्रत्यक्षात ती जास्त टिकते. चेनची प्रत्येक कडी दातांवर आली की वाकते आणि वाकताना झिजते. चेन तिप्पट लांब असली की त्याच अंतरात प्रत्येक कडीची पाळी एक तृतीयांश वेळाच येते. झीज मोजायला पार्क टूलचं सीसी-३.२ हे गेज मी वापरतो. स्टीलची एक पट्टी, एका बाजूला ०.५ आणि दुसऱ्या बाजूला ०.७५ टक्क्याची खूण. मागे नऊ दातेरी चक्रं असलेल्या माझ्यासारख्या गाडीला ०.७५ ची बाजू कड्यांत पूर्ण उतरली की चेन बदलायची. गेज नसेल तर स्टीलची फूटपट्टी पुरे. चेन ताणून धरा आणि पिनेच्या मध्यापासून २४ वी कडी संपते तिथल्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवी चेन बरोब्बर ३०४.८ मिलिमीटर भरते. ३०७ झाली की ०.७५ टक्के झीज झाली. याच्यापुढे ओढत नेली तर मागची दातेरी चक्रंही खराब होतात आणि मग नवी चेन त्यांच्यावर घसरते. चेन वेळेवर बदलणं स्वस्तात पडतं.

मोजताना एकाच जागी मोजून थांबू नका. तीन तुकडे जोडलेले असतात, आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाने एखादाच तुकडा मधे बदललेला असू शकतो. माझ्या गाडीत नेमकं तेच निघालं. दोन तुकडे पार झिजलेले, तिसरा जवळपास नवा. झिजलेली आणि नवी चेन एकत्र चालवू नये, म्हणून मी तिन्ही टाकून दिले.

बदलण्याचं तंत्र सांगतो. जुनी चेन काढण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. आयडलरच्या वरून कोणती बाजू जाते, खालून कोणती, नळी कुठे सुरू होते, सगळं दिसलं पाहिजे. मग जुन्या चेनचं एक टोक सोडवून त्याला नवी चेन क्विक लिंकने, म्हणजे उघडता-जोडता येणाऱ्या कडीने, जोडा आणि जुनी हळूहळू ओढत जा. नवी तिच्या मागोमाग नळीतून, कप्पीवरून आपोआप ओवली जाते. चुकीच्या बाजूने जाण्याचा प्रश्नच येत नाही. शेवटची जोडणी करताना डिरेल्युरची स्प्रिंग चेन ओढत राहते आणि दोन टोकं हाताशी येत नाहीत. त्यासाठी जुन्या स्पोकचा वीतभर तुकडा घ्या, दोन्ही टोकं आकड्यासारखी वाकवा आणि चेनच्या दोन्ही बाजूंना अडकवून ठेवा. मधला भाग सैल पडतो, मग दोन बोटांत क्विक लिंक बसते. ब्रेक लावून पेडलवर एक जोर दिला की ती खटकन घट्ट होते. तो खटका ऐकू आला पाहिजे. हा आकडा माझ्या हत्यारांच्या पिशवीत कायम असतो आणि त्याची किंमत शून्य आहे.

लांबी ठरवताना एक सांभाळायचं. पुढे मोठ्यात मोठं आणि मागेही मोठ्यात मोठं चक्र लागलं तरी चेन पुरली पाहिजे, डिरेल्युर तुटेपर्यंत ताणली जाता कामा नये. या गाडीत पेडल ज्या पाइपावर आहेत तो बूम पुढेमागे सरकवून पायाच्या लांबीप्रमाणे बसवतात. बूम बाहेर काढला की चेन आखूड पडते, आत ढकलला की लोंबते. म्हणून आधी बूमची जागा पक्की करा, आठवडाभर चालवून बघा, गुडघ्याला बरं वाटतंय याची खात्री करा आणि मगच नवी चेन कापा. बूमच्या क्लॅम्पचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या फ्रेमला धरलेले आहेत. ते टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याएवढेच आवळावेत. हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचे आटे मारलेले मी टूलरूममध्ये उदंड पाहिलेत. बूम आत जाण्याआधी त्याला ग्रीसचा हलका हात द्या, नाहीतर दमट हवेत तो जाम होतो.

तेल कोणतं, हा प्रश्न सगळे विचारतात. वाळूच्या प्रदेशात ओलं, चिकट तेल नको. वाळू धरून ठेवतं आणि कड्यांत वाटण होतं. मी सुकं, मेणाच्या जातीचं ल्युब्रिकंट घालतो. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पाच मिनिटं पेडल उलटं फिरवायचं, मग जुन्या बनियनच्या चिंधीने बाहेरून पुसून कोरडं करायचं. बाहेरून चमकणारं तेल काही कामाचं नसतं, ते आत पिनेपाशी गेलं पाहिजे. नळ्यांच्या आत वेगळं तेल घालायचं नाही. फवारा तर अजिबात मारायचा नाही. नळीत घाण साचली की चिंधीचा तुकडा दोरीला बांधून आरपार ओढायचा. नळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला फुगवलेली असतात, चेन तिथे घासते. फुगवटा झिजून धारदार झाला असेल तर नळी बदला.

आयडलर बघायला एक मिनिट लागतो. चेन बाजूला करून कप्पी बोटाने फिरवा. खरखर लागली किंवा आडवी हलली तर बेअरिंग गेलं. ओढीच्या चेनचा सगळा ताण तिच्यावर येतो, त्यामुळे ती गाडीच्या इतर बेअरिंगांच्या आधी जाते आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. टो-इन. पुढची दोन चाकं एकमेकांना अगदी समांतर नसतात, पुढच्या बाजूने केसभर आत वळलेली ठेवतात. एक ते दोन मिलिमीटर. माणूस बसला, गाडी चालू लागली की चाकं बाहेर फाकायला बघतात आणि तो केसभर फरक तिथे जिरतो. हे बिघडलं तर कुठला आवाज होत नाही, ब्रेक नेहमीसारखे लागतात, गाडी चालत राहते. फक्त टायर खाल्ले जातात. टो-इन फार बिघडलेलं असेल तर नवा टायर काहीशे किलोमीटरांत कापडापर्यंत जाऊ शकतो. ओळखायची खूण सोपी आहे. टायरच्या घासणाऱ्या भागावरून तळहात आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत लागलं तर समजायचं.

मोजायची माझी रीत अशी. गाडी सपाट फरशीवर उभी करायची, हँडल बरोबर सरळ. सीटवर माणूस बसलेला हवा, रिकाम्या गाडीचं माप खरं नसतं. आमच्याकडे मुलगा बसतो आणि सूनबाई टेपचं एक टोक धरते. ‘बाबा, अजून किती वेळ?’ असं तीनदा विचारून होतं, पण धरते नीट. चाकाच्या आसाच्या उंचीवर, दोन्ही रिमच्या आतल्या कडांमधलं अंतर पुढच्या बाजूने मोजायचं. ज्या ठिकाणी मोजलं तिथे दोन्ही रिमवर खडूने खूण करायची. मग गाडी तशीच सरळ पुढे ढकलायची, चाकं बरोबर अर्धा फेरा फिरतील आणि खडूच्या खुणा मागच्या बाजूला आसाच्या उंचीवर येतील इतकी. आता त्याच खुणांमधलं अंतर मागून मोजायचं. पुढचं माप मागच्यापेक्षा एक ते दोन मिलिमीटरने कमी आलं पाहिजे.

अर्धा फेरा फिरवण्याचं कारण असं की रिम कितीही चांगली असली तरी थोडी आऊट, म्हणजे फिरताना डुलणारी, असतेच. चाक न फिरवता पुढे एक जागा आणि मागे दुसरी जागा मोजली तर रिमचा आऊटपणा मापात मिसळतो, आणि आपण दोन मिलिमीटरच्या शोधात असताना एक मिलिमीटरची गफलत परवडत नाही. तीच जागा दोन्हीकडे मोजली की रिमचा दोष आपोआप वजा होतो. लेथवर जॉब डायलने तपासताना आम्ही हेच करायचो.

फरक काढायला दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड असतो. त्याच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्या टोकाला उलटे. दोन्हीकडचे चेकनट (रॉड फिरू नये म्हणून आवळलेले नट) सैल करा, उलट्या आट्यांचा नट उलट्याच दिशेने सुटतो हे ध्यानात ठेवा, आणि रॉड हाताने फिरवा. एका दिशेने रॉड लांबतो, दुसऱ्या दिशेने आखडतो. एका वेळी पाव फेरा, परत माप, परत पाव फेरा. जमलं की रॉडच्या दोन्ही टोकांचे गोल सांधे एकमेकांच्या रेषेत आहेत ना बघून चेकनट आवळा आणि पुन्हा एकदा मोजा, कारण आवळताना रॉड थोडा फिरतो. शेवटचं हे माप कोणी सोडून देऊ नये. एकदा बसवलं की कुठे धडकल्याशिवाय सहसा हलत नाही.

त्याच बैठकीत पुढच्या चाकांचा खडखडाट बघून घ्यावा. चाकाचा वरचा भाग धरून आतबाहेर हलवायचा. खळखळ लागली तर आसाचं बेअरिंग किंवा चाक वळवणाऱ्या खुंटीचं हेडसेट. दुचाकीला हेडसेट एक, हिला दोन. समायोजन अगदी तसंच, वरचा बोल्ट हलका आवळून मग बाजूचा क्लॅम्प. स्पोक मी तारेसारखे छेडून ऐकतो. एखादा भद्द वाजला तर सैल आहे. ट्राइक वळणावर दुचाकीसारखी कलत नाही, त्यामुळे चाकांवर आडवा ताण येतो आणि सैल स्पोक इथे जास्त दिवस चालत नाही.

ब्रेक अविड बीबी७, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. ट्राइकवाल्यांमध्ये त्यांना मान आहे, आणि माझ्या मते तो योग्य आहे, कारण तेल भरणं, हवा काढणं यातलं काही नाही. डिस्कला दोन्हीकडून पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या दोन्ही बाजूंना लाल चकत्या असतात. पॅड झिजले की त्या चकत्या टिकटिक करत आत फिरवायच्या. केबलच्या नटाने झीज भरून काढायची नाही, ते काम चकत्यांचं. पॅड बघताना मागच्या पत्र्यासकट जाडी ३ मिलिमीटरच्या खाली गेली तर बदला. तेल डिस्कला लागलं तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. दुसरं काही वापरू नका.

इथे डावं हँडल डावं चाक थांबवतं, उजवं उजवं. म्हणून दोन्ही सारखे लागायला हवेत. मोकळ्या जागेत, अगदी सावकाश, आधी एक लिव्हर दाबून बघायची, मग दुसरी, मग दोन्ही मिळून. दोन्ही मिळून दाबल्यावर गाडी एका बाजूला खेचली जात असेल तर त्या बाजूचा ब्रेक जास्त धरतोय. मुलाने गाडी ट्रेलवर न्यायच्या आधी ही चाचणी करायची, असा घरात नियम आहे.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. मागचा डिरेल्युर छोट्या चाकामुळे जमिनीलगत लोंबतो, गवत आणि वाळू त्यात अडकते, दर फेरीनंतर ब्रशने झाडा. सीटची जाळी साबणाच्या पाण्याने धुवा आणि पट्टे पुन्हा ओढून बांधा. मागे उंच काठीवर झेंडा हवाच, इतक्या खाली बसलेला माणूस मोटारवाल्याला दिसत नाही. आणि पेडलवर टाचेचे पट्टे किंवा क्लिपचे बूट, हे देखभालीत धरा. पाय पेडलवरून घसरून जमिनीला टेकला तर गाडी त्याच्यावरून पुढे जाते आणि घोटा आडव्या पाइपाखाली ओढला जातो. पट्ट्यांची शिवण मी चेनइतक्याच गंभीरपणे तपासतो.

हत्यारं फार लागत नाहीत. ४, ५, ६ नंबरच्या ॲलन की, डिस्कच्या बोल्टांसाठी टी२५ ची चांदणीच्या तोंडाची की, टाय रॉडसाठी दोन पाने, चेन तोडायचं टूल, टायर लिव्हर, टॉर्क पाना आणि तो स्पोकचा आकडा.

ज्यांना पाना हातात घ्यायचाच नाही, त्यांना मी ही गाडी सुचवणार नाही. किंमत दुचाकीच्या मानाने बरीच आहे आणि ट्राइक समजणारा मेकॅनिक सगळीकडे मिळत नाही. पण आपल्या हाताने काम करण्यात ज्यांना आनंद आहे, निवृत्तीनंतर ज्यांचा तोल, पाठ किंवा मनगटं कुरकुरतात, त्यांनी जुनी चांगली फ्रेम बघून जरूर घ्यावी. उघडायला सुटसुटीत, दिसायला स्वच्छ, बहुतेक भाग बाजारात कुठेही मिळणारे.

भोसरीचा तोच मित्र परवा विचारत होता, ‘पुण्यात चालेल का रे तुझी ही गाडी?’ त्याला सांगितलं ते इथेही लिहितो. चेन, ४०६ चे टायर-ट्यूब, डिस्कचे पॅड, केबल हे सगळं पुण्यात मिळतं, त्याची चिंता नको. गाडीचं पोट जमिनीपासून कमी उंचीवर आहे, आपल्या सोसायट्यांच्या गतिरोधकांवर ते घासेल, तेव्हा आधी रोजच्या रस्त्यावरचे गतिरोधक टेपने मोजून घे. आणि येताना इथून एकच भाग नक्की आण. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मागचा डिरेल्युर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो, ती हँगरची पट्टी. धक्का बसला की फ्रेम वाचवायला तीच आधी वाकते, प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि दुसऱ्या कुठल्याही सायकलची तिथे बसत नाही. दोन आण.